समुद्राला झाकण

३ मार्च, सोमवार

शी! लिहायलासुद्धा नको वाटतं. पण मळमळ पोटात ठेवून चालत नाही, तशी मनातही ठेवून चालत नाही.

चिमणीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, दातांच्या दवाखान्यात सकाळी एका बाईंना सुई दिली आणि जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसवलं. आतून बोलावणं आलं तशा त्या उठल्या, खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीखाली ठेवलेल्या दवाखान्याच्या सपातांत पाय घातला आणि किंचाळल्या. बधिर जबड्यातली किंकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तिला काना नाही, मात्रा नाही, नुसती लाळ. सपातेत आमचा पिवळा मासा होता. शनिवारी कुलूप लागल्यावर त्यानं उघड्या टाकीतून उडी घेतली असणार. रविवारभर वाळून तो वरून कडक झाला होता, पण आतून नाही. टाचेखाली मोडला तेव्हा ते कळलं. बाईंच्या तळव्याला खवले चिकटले. काउंटरवालीनं ते कापसानं टिपले आणि मग स्वतःच आत जाऊन ओकली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. मथळासुद्धा वाचता आला नाही.

दुपारी पेशंट संपल्यावर चिमणी हातमोजे काढत माझ्याजवळ आली.

"बाबा, आता पुरे. महिनाअखेरपर्यंत टाकीवर नीट झाकण बसलं आणि मासे धड राहिले तर ठेवू. नाहीतर कोपऱ्यावरचे हॉटेलवाले मागतायत, त्यांना देऊन टाकू."

"बसवतो ना! झाकण ते काय, हां हां म्हणता होईल."

असं मी छातीठोक म्हणालो खरा. इथं मात्र खरं लिहितो. मला त्या टाकीची किळस येते. पाण्याच्या वासाची, काचेवरच्या बुळबुळीत थराची, माशांना घालायच्या गोठवलेल्या कोळंबीच्या वड्यांची, सगळ्याचीच. पण टाकी गेली तर दवाखान्यात माझं काय काम? मला दात काढता येत नाहीत, कॉम्प्युटरवर नंबर लावता येत नाहीत. 'टाकी बघायला जातो' या एका वाक्याच्या जोरावर मी रोज सकाळी घराबाहेर पडतो. ते वाक्य गेलं की मी घरात, आरामखुर्चीत, हिच्या पायात पायात.

शिवाय टाकी म्हणजे चिमणीची हौस. आधीच्या डॉक्टरांनी दवाखाना विकला तेव्हा ती इथंच सोडून गेले. चिमणी तेव्हा म्हणाली होती, "राहू दे बाबा, तुम्हाला समुद्र आवडतो ना." पोर लाजरी आहे. स्वतःला काही हवं असलं की दुसऱ्याचं नाव पुढं करते. लहानपणी बाहुलीसुद्धा आईच्या नावानं मागायची. म्हणून माझी किळस तिला कधी कळू दिली नाही, देणारही नाही.

५ मार्च, बुधवार

समुद्र मला आवडतो हे खोटं नाही. फक्त तो समुद्र वेगळा.

चौथीत आम्हांला समुद्राची एक कविता होती. शाळेपासून समुद्र इतका लांब, की गुरुजींनीही तो पाहिलेला नसावा. पण त्यांनी ती अशी म्हणून दाखवली की त्यांच्या मिशांना लागलेली खडूची पूड मला फेस वाटली. सगळा वर्ग बाकांवर डावीकडून उजवीकडे डोलायचा, बाकं करकरायची, आणि खिडकीबाहेरच्या कोरड्या मैदानावर मला शिडं दिसायची. पुढं उभं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात गेलं. गोडं पाणी, नळ, गळती, तक्रारी. समुद्र बघायला कधी गेलो नाही. जे पाठ आहे ते बघायला कशाला जायचं?

त्या समुद्राला वास नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. इतकी वर्षं मी त्या लाटांत डुंबलो, पण नाकाला रुमाल लावायची वेळ आली नाही. आणि म्हातारपणी समुद्र दारात आला तो हा असा! वाटीत कोळंबीची वडी विरघळायला ठेवली की करडं-गुलाबी पाणी सुटतं. आतल्या खुर्चीजवळ चूळ टाकायच्या भांड्यात असतं, हुबेहूब तसंच. दोन्ही मला एकाच सकाळी पाहावं लागतं. मग जेवणात कालवण वाढलं की मी ताट सरकवतो, आणि ही म्हणते, "काय झालं? मीठ जास्त पडलंय का?"

कवींनी हे कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं, की माहीत असून गप्प बसले?

६ मार्च, गुरुवार

मासे विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन आलो. दार ढकलण्याआधीच वासानं गळामिठी मारली.

मासेवाला मोठा बोलका. एका हातानं मेलेला मासा गाळणीनं उचलत दुसऱ्या हातानं त्यानं मला स्टूल पुढं केलं.

"काका, खाऱ्या पाण्यातला मासा घाबरला की उडतोच. तुमच्याकडे दोन रस्ते. काच लावाल तर मासा बाहेर पडणार नाही, पाणी आटणार नाही, वास दाबून राहील. पण आत कोंडतं. ऊब धरते, हवा खेळत नाही. जाळी लावाल तर हवा खेळेल, उजेड सरळ पडेल, पण पाणी आटणार आणि मिठाचे शिंतोडे चहूकडे."

"मग त्यातलं चांगलं कोणतं?"

"लग्न करावं का, असं विचारताय काका. दोन्हीकडची माणसं पस्तावलेली आहेत."

एवढं बोलून त्यानं फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात कोळंबीच्या आणि कसल्याशा अळ्यांच्या वड्या, खालच्या कप्प्यात त्याचा स्वतःचा जेवणाचा डबा. मी नजर फिरवली.

"मॅडम बऱ्या आहेत ना?" त्यानं विचारलं. "परवाच टाकी घासायची पट्टी आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घेऊन गेल्या."

"दातांच्या कामाला लागत असेल काहीतरी."

मासेवाल्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हो, असेल," म्हणाला.

काच ठरवली. जाळी म्हटलं की मच्छरदाणी डोळ्यांसमोर येते. काच म्हणजे कशी, तळ्यावरची पहाट. येताना वाटेत दोन ओळी सुचल्या:

काच म्हणाली, मी तर निर्मळ, मजखाली जग झोपे;
जाळी वदली, मीच मोकळी, वाऱ्याला घर सोपे.

हिला म्हणून दाखवल्या. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "मासा झोपला म्हणजे मेला, अहो."

रसिकता ही काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

१० मार्च, सोमवार

काच बसली. तसबिरींना काच लावणाऱ्याकडून कापून आणली, कोपऱ्यात पंपाच्या नळीपुरती फट ठेवली. टाकी एकदम घरंदाज दिसायला लागली. शिंतोडे नाहीत, वास नाही. वरून पाहिलं की पाण्याच्या जागी माझंच तोंड दिसतं.

आज कंडक्टर आला होता. हा निवृत्त बस कंडक्टर. सगळे दात काढून झालेत, आता कवळीची मापं चाललीत. दात गेले, पण जीभ अजून डबल बेल मारते.

"काय कविराज, समुद्राला झाकण? उद्या आभाळाला बूच बसवाल."

"तुमच्या तोंडाला बसतंय की या महिन्यात!"

तो तोंड वासून हसला. ओल्या, गुलाबी, टाक्यांचे दोरे लोंबणाऱ्या हिरड्या. माझं सकाळचं दूध घशाशी आलं.

१२ मार्च, बुधवार

आज टाकीत मैफल भरली होती. सगळे मासे वर, काचेच्या अगदी खाली, ओळीनं तोंडं उघडत-मिटत. मधे तो निळा, ज्याला मी निळोबा म्हणतो, आणि दोन बाजूंना पट्टेरी जोडपं. शाळेतलं समूहगीत आठवलं. शब्द येत नसले की आम्हीही अशीच नुसती तोंडं हलवायचो. मी खुर्ची जवळ ओढली आणि आमची समुद्राची कविता त्यांना म्हणून दाखवली. ताल असा जुळला म्हणता! पलीकडच्या पेशंटनं कानात वायरी घातल्या आणि उठून दारापाशी जाऊन बसला. दाढ ठणकत असेल बिचाऱ्याची.

पहिल्यांदाच त्या टाकीसमोर मला किळस आली नाही. हेही लिहून ठेवतो.

१३ मार्च, गुरुवार

मैफल नव्हती ती.

चिमणी एका पेशंटला सोडायला बाहेर आली आणि टाकीसमोर थबकली.

"बाबा, हे असे वर कधीपासून आहेत?"

"कालपासून. गातायत."

"गातायत? अहो, गुदमरतायत ते! आत हवा नाहीये."

तिनं काच उचलली. देवा रे! काचेच्या पोटाला हिरवट-पिवळा गिळगिळीत थर, त्यातून ठिबकणारे थेंब, आणि कडेकडेनं मिठाचे पापुद्रे, न घासलेल्या दातांवर किटण चढतं तसे. कोंडलेला वास एकदम सुटला. बसलेले दोघेजण काही न बोलता बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. चिमणीनं नाक दंडात खुपसलं, डोळे भरून आले तिचे. माशांच्या हालांनी पोरीच्या डोळ्यांत पाणी! मी काच घेऊन मोरीत गेलो. घासताना थर बोटांना चिकटे, सुटता सुटत नव्हता, आणि मला कोरड्या उबळी. निर्मळ म्हणे! त्या दोन ओळी खोडून टाकल्या.

मासे वाचले. आता जाळी.

१६ मार्च, रविवार

चिमणी जेवायला आली होती. मला वाढताना तिचा हात माझ्या नाकासमोरून गेला आणि घास तोंडातच फिरला. हाताला माशाचा वास! तोच, टाकीचा, तळातला. नखांच्या कडेला पांढरं काहीतरी.

"अगं, डॉक्टर ना तू? लोकांच्या तोंडात घालतेस ते हात. दवाखान्यातून निघताना धुवत नाहीस?"

"धुतले बाबा. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा धू."

ती मुकाट्यानं उठून पुन्हा साबण लावून आली. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच बिनधुतल्या हातांनी बसलो होतो.

"रविवारी दवाखाना बंद असतो ना गं?" ही तिला म्हणाली.

"हो आई."

"मग वास कसला?" मी विचारलं.

"जेवा मुकाट्यानं," ही म्हणाली. या घरात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही.

१७ मार्च, सोमवार

जाळी बसली. खिडक्यांना जाळ्या लावणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून घेतली. पांढरी, बारीक भोकांची. दुपारी निळोबानं उडी मारली, जाळीवर ठप्प आपटला आणि परत पाण्यात. कंडक्टर म्हणाला, "आत चला, आत चला, दारात उभं राहू नका!" सगळी वेटिंग रूम हसली. मीही हसलो.

पण पाणी आटतंय. संध्याकाळपर्यंत काचेवर ओली रेघ सोडून खाली गेलेलं. मी डब्यात समुद्राचं मीठ कालवून तेवढं भरून काढलं. काउंटरवाली म्हणाली, "काका, मी साधं पाणी आणू का, फिल्टरचं?" मी साफ नाही म्हटलं. समुद्राची तूट समुद्रानंच भरायची. गोड्या पाण्याच्या खात्यात हयात घालवली, निदान इथं तरी भेसळ नको.

१९ मार्च, बुधवार

खुर्च्यांवर मीठ. मासिकांवर मीठ. माझ्या चष्म्यावर मीठ. ओठ चाटला तर मीठ, आणि मग आठवलं की हे कुठल्या पाण्यातून उडालेलं. दिवसभर ओठ पुसत होतो.

२० मार्च, गुरुवार

जाळीचा एक मोठा गुण ध्यानात आला: टाकीच्या कडेला मीठ धरत नाही. संध्याकाळी मी निघतो तेव्हा कडा पांढऱ्याफटक, आणि सकाळी येतो तो लख्ख. काचेचा आतला थरही रातोरात नाहीसा. वारा खेळल्यामुळं असणार. मासेवाल्याला हे सांगायला हवं, त्याला ठाऊक नसेल.

काउंटरवालीचा गलथानपणा मात्र दिवसेंदिवस वाढतोय. आज टाकीमागे दातांचं किटण खरवडायची आकडी सापडली, टोकाला मीठ आणि हिरवं काहीतरी लागलेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कुणाच्या तोंडात जाते ही! मी ती रुमालात धरून तिच्यासमोर आपटली.

"हे काय?"

ती चिमणीकडे बघायला लागली. चिमणी म्हणाली, "बाबा, ती जुनी आहे. बाद केलेली. तिला ओरडू नका."

डॉक्टरनंच पाठीशी घातल्यावर शिस्त कुठून येणार?

२२ मार्च, शनिवार

निळोबाचं काहीतरी बिनसलंय. अंगावर पांढरट शेंबडासारखा पडदा, तो पोहताना मागं लोंबतो. खात नाही. एका कुशीवर कलून दगडाला टेकून राहतो. पट्टेरी जोडपंही कोपऱ्यात. त्यांना मोकळ्या समुद्राची ओढ लागली असावी. मी आज समुद्राचं पाणी जरा जास्तच घातलं.

हॉटेलवाला टाकी बघून गेला. हातातल्या किल्ल्या काचेवर टकटक वाजवत होता. "मॅडम, महिनाअखेरीला नक्की ना?" चिमणी म्हणाली, "बघू." मी निळोबाकडे बघत होतो. नऊ दिवस राहिले आणि याचं हे असं. मासा मेला की टाकी गेली, टाकी गेली की मी. त्या लोंबणाऱ्या पडद्याकडे बघवत नव्हतं, आणि नजर काढून घ्यावी तर भीती.

२५ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहिताना माझंच तोंड आंबट झालंय.

टाकीतलं पाणी गढूळ वाटलं म्हणून उजेडात बघायला एक पेलाभर काढलं, बेसिनच्या कट्ट्यावर ठेवलं आणि चष्मा आणायला गेलो. त्या कट्ट्यावर पेशंटांसाठी कोमट मिठाच्या पाण्याचे पेले ठेवलेले असतात. दात काढलेल्यांना गुळण्या करायला. दवाखान्याचे पेले सगळे सारखे.

परत आलो तर कंडक्टर मान मागं टाकून गुळगुळ, गुळगुळ करतोय. दोन्ही गाल फुगवून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. थुंकला आणि म्हणाला, "आज मिठाचा हात सैल सुटलाय डॉक्टरीणबाईंचा. हिरड्या चरचरल्या." आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत दुसरा घोट! मग त्यानं बोट घालून हिरडीवरून काहीतरी काढलं, उजेडात धरलं.

"लवंग टाकता का हो यात?"

कोळंबीचा डोळा होता तो.

काउंटरवाली "ईऽऽ" करून किंचाळली. चिमणी धावत आली, कंडक्टरचं तोंड औषधाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलं, हिरड्या तपासल्या, पोटात गेलं नाही ना हे विचारलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग म्हणाला, "कविराज, आजवर तुमच्या कविता कानात ओतल्यात, आता समुद्र तोंडात ओतलात." बाकीचे हसले. चिमणी हसली नाही.

"इतकं खारट कसं?" ती म्हणाली. "ते महिनाभर गुळण्या करतायत, त्यांना चव कळते. बाबा, टाकीतलं पाणी आटलं की तुम्ही काय घालता?"

"समुद्राचं पाणी. मीठ कालवून."

"रोज?"

"रोज. तूट भरून काढायला नको?"

"बाबा..." ती खुर्चीवर बसली. "आटतं ते पाणी. मीठ कुठं जातं?"

मी टाकीच्या कडेला जमलेल्या पांढऱ्या मिठाकडे पाहिलं.

"आणि काका पाणी खात्यात होते," काउंटरवाली कुणालाही न उद्देशून म्हणाली.

निळोबाला मी रोज थोडं थोडं मिठात मुरवत होतो. लोणच्यासारखं. त्यालाच मी ओढ म्हणत होतो. मला त्या पाण्याची आली नव्हती एवढी माझी स्वतःची किळस आली. निघताना चिमणीला सांगून टाकलं, "देऊन टाक हॉटेलवाल्याला. मला नाही झेपत." तिनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "खरंच तुम्हाला नको आहे, बाबा?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, माझं मलाच कळलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

घरी. पाय जड. ही केर काढताना खुर्ची हलवायला सांगते, मी हलवतो.

"कविता म्हणा एखादी," ही म्हणाली. ही म्हणाली! मी म्हटलं, "आठवत नाही."

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी चिमणी आली. मी लेंग्यातच होतो, दाढी केलेली नव्हती. ती दारातच थांबली, माझ्याकडे बघत.

"निळा खायला लागलाय, बाबा. मी रोज थोडं थोडं साधं पाणी घालतेय."

"बरं झालं."

"हॉटेलवाल्यांना सोमवारी बोलावलंय."

"बरं."

"पेशंट विचारतात तुम्हाला. कंडक्टर म्हणाले, आज बस रिकामीच कशी."

हिनं चहा टाकला, तोही न घेता चिमणी उठली. दोघी मायलेकी जिन्यात बराच वेळ कुजबुजत होत्या. ही वर आली ती पुटपुटत, "बाप तशी लेक. दोघांनाही तोंड उघडता येत नाही."

दातांच्या डॉक्टरला तोंड उघडता येत नाही म्हणे! विनोद बरा होता, पण मला हसू आलं नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळीच चिमणीचा फोन. "बाबा, आज या. टाकी न्यायला येतायत." इतके दिवस मी सांभाळली, सोपवायलाही मीच हवा, रीतच आहे. दाढी करून गेलो. मनात दोन गोष्टी भांडत होत्या: सुटलो एकदाचा, आणि सुटून जाणार कुठं?

हॉटेलवाला दोन माणसं आणि टेम्पो घेऊन आला. माणसांनी बाह्या सारल्या, बादल्या मांडल्या. एकानं जाळी उचलली आणि तोंड वाकडं केलं. तेवढ्यात चिमणी आतून आली. आत पेशंट नव्हता, तरी नाकावर मास्क होता.

"ठेवा ती जाळी खाली. मला टाकी द्यायची नाहीये."

हॉटेलवाला चाट पडला. "अहो मॅडम, बुधवारी तुम्हीच फोनवर म्हणालात ना, उचला एकदाची, या घाणीनं सकाळ-सकाळ ओकारी येते मला?"

"म्हणाले असेन. आता नाही द्यायची."

"माणसं आणली मी, टेम्पो आणला..."

"चहा घ्या सगळे. टेम्पोवाल्याचं मी बघते."

तो बडबडत गेला. मी म्हटलं, "अगं, मी सांगितलं होतं ना, देऊन टाक म्हणून."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला एकटीला नाही जमत, बाबा. किती पाणी घालायचं, कुठलं घालायचं, सगळं चुकतं. जाळीच ठेवू. साधं पाणी घालत जा. उद्यापासून याल ना?"

तिनंच चार दिवसांत निळोबाला बरं केलं, आणि म्हणते जमत नाही! घाबरली असेल. मी विचार करतोय असं दाखवलं. तिनं वाटीतली विरघळलेली वडी उचलून मला दिली, हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून. मास्कच्या वर डोळे पाणावलेले, गळ्याची शीर ताठ. इतकं भरून आलं होतं पोरीला. आवंढा गिळून म्हणाली, "घाला ना तुम्ही. मला बघायला आवडतं."

घातली. करडं-गुलाबी पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. शी! निळोबा वर आला आणि सगळं गिळून बसला.

घरी येऊन हिला म्हटलं, पोरीला माशांचा फारच लळा लागलाय, टाकी सोडवत नाही तिला. ही हसत सुटली, ती ठसका लागेपर्यंत. पाणी दिलं तर तेही हसताना सांडलं. बायकांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

हात साबणानं तीनदा धुतले, वास जात नाही. उद्या पुन्हा तीच वाटी, तोच बुळबुळीत थर, तेच ओठांवर मीठ. सगळं खरं. पण हे चिमणीला सांगणार कोण? मुलांच्या हौसेपायी आईबापांना काय काय सोसावं लागतं.